दुधाच्या दातांची उपेक्षा

आपल्या घरांतून एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दाढेवर काळा डाग दिसतो, काही महिन्यांनी त्या जागी खड्डा पडतो, मूल एका बाजूने चावू लागते, आणि घरातील वडीलधारे म्हणतात, "दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत. त्यांची काय काळजी करायची?" वरकरणी हे वाक्य व्यवहारी शहाणपणाचे वाटते. वस्तुतः लहान मुलांच्या आरोग्याची जी हेळसांड आपल्याकडे राजरोस चालते, तिचे मूळ बऱ्याच अंशी या एका वाक्यात आहे.

भारतीय दंतवैद्यक परिषदेने २००२-०३ साली देशभर दातांच्या आरोग्याची पाहणी केली. पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५३.८ टक्के होते आणि पंधराव्या वर्षी ते ६३.१ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या दर दोन मुलांपैकी एक मूल पाटी-दप्तराबरोबर किडका दातही घेऊन येते. जगाचे चित्रही फारसे वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार दुधाच्या दातांची कीड उपचाराविना राहिलेल्या मुलांची संख्या ५१ कोटींच्या वर जाते. इतका पसरलेला, इतका वेदना देणारा आणि तरीही इतका सहज टाळता येणारा दुसरा बालरोग सापडणे कठीण.

यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यासारख्या भागात हा प्रश्न अधिक अवघड होतो. कपाशीवर जगणारा हा तालुका. गावांच्या आगेमागे बंजारांचे तांडे, कोलामांचे पोड. रोजमजुरीवर निघालेल्या आईला मुलाच्या तोंडात डोकावून पाहण्याची सवड नाही, आणि दाढ दुखते म्हणून मजुरी बुडवून यवतमाळची वाट धरणे परवडणारे नाही. त्यातच या पट्ट्यातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने दातांवर दुसऱ्या बाजूनेही घाला येतो. म्हणूनच शहरातील पुस्तकी सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. प्रश्न मुळापासून समजून घ्यावा लागतो.

'कीड' या शब्दाचा घोटाळा

दाताला कीड लागते असे आपण म्हणतो, आणि शब्दामागोमाग कल्पनाही धावते. दातात खरोखरच किडे असतात हा समज जगभर होता. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडून दाखविणारे वैदू गावोगाव हिंडत असत. पाण्यात पडलेले ते 'किडे' दाढेतले नसून बियांतलेच असतात, हे वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

खरा प्रकार निराळा आहे. बर्लिन येथे काम करणाऱ्या मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० साली तो सप्रमाण मांडला. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर आणि पिष्ट पदार्थांवर जगतात व त्यांचे आम्ल बनवितात. हे आम्ल दाताच्या कठीण कवचातील चुना विरघळविते. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन या संशोधकाने हे आम्ल प्रत्यक्ष मोजले. गोड पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातावरील थराचा सामू घसरतो, तो ५.५ च्या खाली गेला की दाताची झीज सुरू होते. त्यानंतर लाळ हळूहळू आम्ल निवळविते आणि अर्ध्या-पाऊण तासाने तोंड पूर्वस्थितीला येते. लाळेतील चुना दाताला परत मिळतो. दाताची झीज आणि भर अशी दिवसभर चालूच असते. दोन खाण्यांमध्ये पुरेसे अंतर असेल तर भर जिंकते. दर तासाला काहीतरी गोड चघळले जात असेल तर झीज जिंकते.

यातून निघणारा निष्कर्ष पालकांनी नीट लक्षात घेण्यासारखा आहे. मूल किती साखर खाते यापेक्षा किती वेळा खाते, हे अधिक महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीडनमधील व्हिपेहोम येथे मतिमंदांसाठीच्या संस्थेत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर दिलेल्यांच्या दातांत कीड थोडीच वाढली; दोन जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी दिलेल्यांच्या दातांची मात्र धूळधाण झाली. ज्यांना संमती देता येत नव्हती अशा असहाय माणसांवर हा प्रयोग झाला, ही त्याची लाजिरवाणी बाजू आहे आणि आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. पण त्या माणसांच्या दातांनी मोजलेली किंमत वाया जाऊ द्यावयाची नसेल, तर निदान त्यातून मिळालेला धडा तरी आपण गिरविला पाहिजे.

कापूस पिकविणाऱ्या तालुक्यात ही गोष्ट समजावून सांगणे कठीण जाऊ नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्याने गुलाबी बोंडअळीचा तडाखा सोसला. बाहेरून बोंड हिरवेगार दिसे. फोडल्यावर आत सारे पोखरलेले. दोन दाढांच्या सांध्यात शिरलेली कीड अशीच असते. वरून दाढ शाबूत दिसते आणि एके रात्री मूल रडत उठते तेव्हा आतली नस उघडी पडलेली असते. पण त्या आधी कीड आपली खूण देते. हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसणे ही पहिली पायरी. या पायरीवर दात अजून सावरू शकतो. मुलाचा वरचा ओठ महिन्यातून एकदा उचलून पाहण्याएवढी सवड आईबापांनी काढली, तर पुढचा पुष्कळसा अनर्थ टळेल.

पडणाऱ्या दातांचे मोल

'पडायचेच आहेत' हा युक्तिवाद आता तपासून पाहू. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, शेवटची दाढ अडीच-तीन वर्षांपर्यंत. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेल्या दाढेने आणखी सात-आठ वर्षे काम करावयाचे असते. त्या सात-आठ वर्षांत मूल वाढते, शिकते, खेळते. दाढ दुखते म्हणून भाकरी चावत नाही, डाळ-भाताचा मऊ घास तेवढा गिळते, हरभरे-शेंगदाण्यांना हात लावत नाही. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण म्हातारपणासाठी वापरतो. पाच वर्षांच्या मुलावर ती लागू व्हावी यापरते दैन्य कोणते? कुपोषणाची चर्चा आपण वजनकाट्यावर करतो. वजनकाट्यावर चढणाऱ्या मुलाला चावता येते की नाही, हे कोणी पाहत नाही.

दुधाच्या दातांचे दुसरे काम जागा राखण्याचे. त्यांच्या मुळाखाली कायमचे दात तयार होत असतात. दुधाची दाढ अकाली काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि कायमचा दात वेडावाकडा उगवतो. तिसरे काम उच्चाराचे. त, थ, द, ध, न, ल, स या वर्णांना आपले व्याकरण दंत्य म्हणते ते उगीच नव्हे. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच समोरचे दात गमावलेले मूल बालवाडीत 'स' म्हणताना अडखळते आणि वर्ग हसतो. याखेरीज दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दाताच्या निम्मेच जाड असल्याने त्यात शिरलेली कीड नसेपर्यंत लवकर पोहोचते. 'मोठा झाल्यावर पाहू' असे म्हणायला तेथे वेळच नसतो.

आणखी एक बाब शिक्षकांनी तर विशेष लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणून बहुतेक पालक तिला दुधाचीच समजतात. ती असते कायमची. आयुष्यभर चावण्याचा मुख्य भार तिच्यावर पडावयाचा असतो. तिच्या माथ्यावरील खोल घळींत अन्न अडकते, आणि पहिलीत उगवलेली ही दाढ तिसरी-चौथीत किडलेली आढळते. 'दुधाची आहे, पडेल' म्हणून जिची उपेक्षा झाली, ती गेल्यावर पुन्हा येत नाही.

सवयींचा हिशेब

लहान मुलांच्या दातांचा ऱ्हास कोठून सुरू होतो? बहुधा बाटलीपासून. दुधात साखर घालून ती बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपविले जाते. झोपेत लाळ कमी सुटते. गोड दूध रात्रभर वरच्या दातांभोवती साचून राहते आणि वर्ष-दीड वर्षात समोरचे चारही दात खुंट होतात. रडे थांबविण्यासाठी चोखणीला मध किंवा गूळ लावणे हाही त्यातलाच प्रकार. मध आणि गूळ 'नैसर्गिक' असले तरी जंतूंना तो भेद कळत नाही. यात आईच्या अंगावरच्या दुधाला दोष देऊ नये. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही ते द्यावे असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र दात आल्यावर रात्रीच्या शेवटच्या पाजण्यापूर्वी दात पुसलेले असावेत.

त्यानंतर येतो चहा. विदर्भातील कितीतरी घरांत दोन वर्षांच्या मुलाची सकाळ गोड चहात बुडविलेल्या बिस्किटाने किंवा टोस्टने उजाडते. पूर्वी साखर रेशनच्या रांगेत उभे राहून मोजून मिळत असे. तो अभावच नकळत दातांचे रक्षण करीत होता. आज पाच रुपयांच्या पुड्या तांड्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचल्या आहेत. मजुरीवर जाणारी आई मुलाच्या हाती पुडा देऊन जाते, यात तिचा दोष नाही. भूक भागविण्याचे तेच सर्वांत स्वस्त आणि सोपे साधन तिच्यापाशी उरले आहे. पण चिकट बिस्किटाचा लगदा दाढेत बसतो आणि दिवसभर पुरवून खाल्लेला पुडा आम्लाची धार अखंड ठेवतो. त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, काकडी, बोरे यांतले जे हंगामात मिळेल ते दोन खाण्यांच्या मधे देणे दाताला आणि शरीरालाही हिताचे. अगदी लहानग्याला मात्र दाणे कुटूनच द्यावेत, नाहीतर ते घशात अडकण्याचे भय असते. गोड द्यावयाचेच तर जेवणाबरोबर द्यावे.

स्वच्छतेचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. राख, कोळसा, विटकरीची पूड यांनी दात घासले की ते चकचकीत दिसतात. पण त्याबरोबर कवचही घासले जाते. दाढदुखीवर मुलाच्या हिरडीला मिसरी लावणे तर सरळ विषाची सवय लावणे होय. खर्‍याने वेढलेल्या या मुलखात तंबाखूची पहिली ओळख औषध म्हणून व्हावी, हे भीषण आहे. कडुलिंबाच्या काडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तीन वर्षांच्या मुलाला ती दाढेच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत नेता येत नाही. लहान, मऊ ब्रशच त्यासाठी योग्य. आणि सात-आठ वर्षांचे होईपर्यंत तो मोठ्या माणसाने फिरवावा. ज्या मुलाला स्वतःच्या सदऱ्याची बटणे नीट लावता येत नाहीत, त्याने दात मात्र नीट घासावेत ही अपेक्षा अवास्तव आहे.

पाण्यातील दुहेरी पेच

आता फ्लोराइडविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे मॅके या दंतवैद्याला मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड हे १९३१ मध्ये सिद्ध झाले. आणि अशा दातांना कीड कमी लागते हेही दिसून आले. त्यातूनच अल्प प्रमाणातील फ्लोराइड दाताला बळ देते, हे सूत्र निघाले व १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते मुद्दाम मिसळण्यात आले. आपल्या देशाची अडचण नेमकी उलटी. मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात पाण्यातील जास्तीच्या फ्लोराइडने माणसे हाडांनी जखडल्याची नोंद १९३७ सालीच झाली होती. यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजी या पट्ट्यात आपण त्याच संकटाच्या छायेत आहोत.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे झुकतो त्या प्रदेशात मूल पाणीही अधिक पिते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही मर्यादा कडक का हवी ते कळते. कायमच्या दातांचे कवच जबड्यात घडत असते ते पहिल्या आठ वर्षांत. समोरच्या दातांचे तर पहिल्या तीन वर्षांत. त्या काळात जास्तीचे फ्लोराइड पोटात गेले तर दात उगवतात तेच खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे-तपकिरी. असा दात किडीपासून सुरक्षित असतो असेही नाही. डाग तीव्र असतील तर कवच ठिसूळ होऊन त्यात खळगे पडतात आणि कीड तेथे घर करते.

येथे शाळेतील एका अन्यायाचा उल्लेख केलाच पाहिजे. दात पिवळे दिसतात म्हणून मुलाला वर्गासमोर 'दात घासत नाहीस का?' असे दटाविले जाते. फ्लोराइडचे डाग कितीही घासले तरी निघत नाहीत. ते वरून बसलेले नसून आतून घडलेले असतात. कोवळ्या वयात हसताना तोंडावर हात धरण्याची सवय ज्या मुलीला लागते, तिचा अपराध एवढाच की तिच्या गावच्या कूपनलिकेचे पाणी कोणी तपासले नाही.

मग फ्लोराइडयुक्त पेस्टचे काय करावे? थोडा हिशेब करू. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे सुमारे पाव ग्रॅम. तीत हजार भागांचे प्रमाण धरले, तर फ्लोराइड पाव मिलिग्रॅम. मुलाने ती सगळी गिळली तरी तेवढेच. उलट लिटरमागे तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले एक लिटर पाणी प्यायल्यास पोटात जाते त्याच्या बारापट. म्हणजे मुख्य आरोपी पाणी आहे, पेस्ट नव्हे. म्हणून जेथे पाणी निर्दोष आहे तेथे तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट वापरावी व थुंकावयास शिकवावे. जेथे पाण्याचा दोष सिद्ध झाला आहे तेथे पाणी सुधारेपर्यंत लहान मुलांसाठी पेस्टचा निर्णय दंतवैद्याच्या सल्ल्याने घ्यावा. नुसता ब्रशही पुष्कळ काम करतो. पाणी उकळून मात्र काही साधत नाही. उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते.

उपाय आवाक्यातले आहेत

हे सारे वाचून वाटेल की यासाठी मोठी इस्पितळे हवीत. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे आणि त्याचे काम मोलाचे आहे. पण तेथवर पोहोचणारे मूल बहुधा उशिराच पोहोचते. खरा उपाय अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा यांच्या अंगणातच करावा लागेल. स्कॉटलंडने तेच केले. तेथील बालवाड्यांत रोज शिक्षिकेच्या देखरेखीखाली मुले दात घासतात. २००३ मध्ये पहिलीतील सुमारे ४५ टक्के मुले कीडमुक्त होती. २०१८ मध्ये ते प्रमाण ७१ टक्क्यांवर गेले. तो देश श्रीमंत आहे असे कोणी म्हणेल, तर फिलिपाइन्सकडे पाहावे. तेथे २००६ च्या पाहणीत पहिलीच्या वर्गातील ९७ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले, आणि शाळांनी साध्या नळकांड्यांना भोके पाडून, ओळीने उभे राहून हात धुणे व दात घासणे हा रोजचा परिपाठ केला.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिची अंगणवाडी आज पोडावरही आहे. तीस मुलांच्या अंगणवाडीला वर्षाचे तीनशे दिवस रोज एकदा वाटाण्याएवढी पेस्ट द्यावयाची म्हटले तर लागेल सव्वादोन किलो, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या पंधरा नळ्या. दर तीन महिन्यांनी ब्रश बदलावयाचा म्हटले तर एकशेवीस ब्रश. एवढा भार ग्रामपंचायतीला अथवा गावातील एखाद्या संस्थेला पेलणार नाही असे नाही. अडचण पैशाची कमी आणि रोज पाच मिनिटे देण्याच्या निश्चयाची अधिक आहे.

दुसरी गोष्ट तपासणीची. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच आरंभ झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. दातांचे विकार त्या यादीत आहेत. मात्र नोंदवहीत 'दंतक्षय' लिहून पथक पुढच्या गावी गेले, की त्या शब्दाचे पुढे काय होते हे मुख्याध्यापकांनी विचारले पाहिजे. उपचारही आता पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाहीत. यंत्र व वीज यांशिवाय, केवळ हातातील उपकरणांनी किडका भाग खरवडून सिमेंट भरण्याची रीत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. चांदी व फ्लोराइड यांचे द्रावण किडीवर लावले तर कीड जागीच थांबते. दात काळा पडतो एवढाच त्याचा तोटा. ही दोन्ही द्रव्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस केवळ मुलांच्या दातांसाठी राखून ठेवला आणि त्या दिवशी शाळांनी मुले आणली, तर दाढ उपटण्याखेरीज दुसरा मार्गही असतो हे लोकांना दिसेल.

तिसरी गोष्ट पाण्याची. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याचे ठरविले. त्या तपासणीचा फ्लोराइडचा आकडा पंचायतीच्या कपाटात न ठेवता हातपंपाच्या कट्ट्यावर रंगवून लिहावा. मर्यादा ओलांडली असेल तर लहान मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी निर्दोष विहिरीचे अथवा नळाचे पाणी प्रथम उपलब्ध करून द्यावे. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुना वापरून पाणी शुद्ध करण्याची 'नलगोंडा' पद्धत कित्येक दशकांपूर्वीच सिद्ध केली आहे. ज्ञान आपल्या दाराशी आहे. ते पाण्याच्या हंड्यापर्यंत नेण्याचे काम उरले आहे.

लहान मूल स्वतःच्या दुखण्याविषयी अर्ज करू शकत नाही, मोर्चा काढू शकत नाही. ते रडते, आणि रडणे थांबविण्यासाठी आपण त्याच्या हाती पुन्हा बिस्किटाचा पुडा देतो. त्याच्या बाजूने बोलण्याची जबाबदारी त्याच्या सर्वांत जवळ असणाऱ्या मोठ्या माणसांची आहे. आई-वडिलांच्या खालोखाल ती शिक्षकांची आहे. दुधाचे दात पडणार हे खरेच. पण ते आपल्या वेळी पडावेत, किडून नव्हे. आणि त्यांच्या जागी येणारे दात आयुष्यभर पुरावेत, एवढे मागण्याचा हक्क घाटंजीच्या पोडावरील मुलालाही मुंबईच्या मुलाइतकाच आहे.